आपल्या साहित्यातला कोरडा समुद्र

मराठी साहित्यातल्या समुद्राबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. तो गरजतो, खवळतो, काळजाला भिडतो. पण त्यात मनसोक्त डुंबणारे माणूस शोधून काढावे लागते. दारव्ह्याच्या मास्तराने ही तक्रार करावी याचे कोकणातल्या वाचकांना हसू येईल. येवो बापडे! आमच्याकडचा कापूस एके काळी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तेथून मुंबई बंदराला आणि पुढे विलायतेला गेला. माणसे मात्र मागेच राहिली. आम्हांला समुद्र प्रथम भेटतो तो पुस्तकात.

सावरकरांची ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता १९०९ साली ब्रायटनला स्फुरली. ब्रायटन म्हणजे इंग्रजांचे हवा खायला जाण्याचे ठिकाण! पण ज्याला मायदेश अंतरला, त्याला तिथली मौज कशी दिसावी? कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तला (१९४२) कोलंबस समुद्राला आव्हान देतो, तोही पाण्यात खेळायला निघालेला नव्हे. या दोन्ही कवितांत उणे काढण्याजोगे काही नाही. माझे भांडण नंतरच्यांशी आहे. समुद्र एकदा श्रोता झाला, एकदा प्रतिस्पर्धी झाला. तेवढ्यावरच आपण भागवले. मिलिंद बोकील यांच्या ‘समुद्र’मध्ये तर एक मध्यमवयीन जोडपे सुटीसाठी म्हणून समुद्रकाठी जाते. मी मोठ्या आशेने पुस्तक उघडले. लेखन संयमी आहे, सुरेख आहे; परंतु सारे लक्ष नवरा-बायकोच्या मनातल्या खोल पाण्यावर. बाहेरचे पाणी नुसते साक्षीला!

मग राहून काय जाते? लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते आणि उभी जमीनच निघाली असे वाटते, ते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पोराला समुद्रात अंग हलके लागते, ते. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, एवढे भूगोल सांगतो. ते ओठांवर वाळल्यावर कसे लागते, हे कोणी सांगायचे? मालवण-तारकर्लीला हौशी माणसे आता पाठीला हवेची टाकी बांधून प्रवाळ पाहायला पाण्याखाली उतरतात. आपले गद्य मात्र धोतर सावरून काठावर उभे!

मौजेचे लिहिणे म्हणजे हलके लिहिणे, हा समज याच्या मुळाशी असावा. त्याची किंमत पोरे मोजतात. हल्ली आमच्या गावची काही कुटुंबे दिवाळीत गणपतीपुळ्याला जाऊन येतात. पोरे परत आली की निबंधात लिहितात ‘अथांग’, ‘विशाल’, ‘निळाशार’. कमरेएवढ्या पाण्यात दोन दिवस घालवून आलेल्या पोरांच्या वहीत पाण्याचा एक थेंब नाही! एवढ्या वह्यांत एकीनेच लिहिले होते, की लाटेने तिची चप्पल नेली, ती रडू लागली, आणि पुढच्या लाटेने दुसऱ्याच कोणाची तरी आणून दिली.