दत्तकविधान आणि वर्गाचे मौन

जोनाथन कॅप्लन यांच्या ‘इमिजिएट फॅमिली’ (१९८९) या अमेरिकी चित्रपटातील दत्तकविधान संस्थेमार्फत नव्हे, वकिलाच्या मध्यस्थीने, खाजगीरीत्या घडते. सिअ‍ॅटलमधील संपन्न, अपत्यहीन स्पेक्टर दांपत्य आणि कामगारवर्गातील गरोदर किशोरी लूसी परस्परांना प्रत्यक्ष भेटतात. निवड लूसीची आहे, असे संहिता सुचविते. परंतु त्या घराची ऐपत हाच तिच्या निवडीचा अनुच्चारित निकष आहे. पटकथाकार बार्बरा बेनेडेक यांना हे दिसत नाही असे नव्हे, ते पेलवत नाही.

प्रसूतीनंतर लूसी मूल स्वतःकडेच ठेवते, तेव्हा चित्रपट खऱ्या संघर्षापाशी येतो. कायदा तिचा हक्क मान्य करतो. त्या हक्कासोबत घरभाडे, दूध, उसंत यांपैकी काहीच येत नाही. अखेर ती मूल स्पेक्टर दांपत्याला आणून देते. हा पराभव परिस्थितीने केलेला. चित्रपट मात्र त्याला तिची परिपक्वता मानतो आणि वर्गीय प्रश्नाचे नैतिक प्रश्नात रूपांतर करून मोकळा होतो.

मेरी स्टुअर्ट मास्टरसनचा अभिनय (ग्लेन क्लोजच्या संयत दुःखाहूनही तो अधिक बोलका आहे) या सोयीस्कर अर्थाला अखेरपर्यंत विरोध करतो. ‘नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू’ने १९८९ साली तिला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला; जन्मदात्री असूनही कथेत लूसीचे स्थान सहाय्यकाचेच आहे.