चूल शेवटच्या प्रकरणात का?

ज्वलन शिकवताना आपण फळ्यावर मिथेन आणि ऑक्सिजन लिहितो, बाण काढतो, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड व पाणी लिहून मोकळे होतो. त्या बाणात किती घडामोडी दडलेल्या असतात! नैसर्गिक वायूच्या ज्वलनाच्या एका प्रसिद्ध प्रतिमानात 53 पदार्थ आणि 325 अभिक्रिया आहेत. हा बाण उलगडून दाखवणारे एक उत्तम पुस्तक मराठी माणसाने लिहिले आहे. प्रा. अनिल दाते यांचे 'ॲनालिटिक कम्बश्चन' 2011 साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढले.

दाते यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, पुढे मँचेस्टरला शिकले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात उष्णता संक्रमणावर पीएच.डी. केली. 1973 पासून ते मुंबईच्या आयआयटीत यंत्र अभियांत्रिकी शिकवू लागले. शोधनिबंध, परदेशी व्याख्याने, पाठ्यपुस्तके अशी ही प्राध्यापकाची रुळलेली वाट. पण तिला एक फाटा फुटला. 1985 साली आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'सितारा' हे केंद्र निघाले आणि ज्वलनाची समीकरणे सोडवणारा हा माणूस लाकडाच्या चुलीकडे वळला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग हाच.

चूल हा काही सोपा विषय नव्हे. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात, आणि ज्योत दिसते ती या वायूंची. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा उडून जातो, मागे कोळसा उरतो व तो निराळ्या रीतीने जळतो. हवा कमी पडली किंवा ज्योत थंड भांड्याला लवकर टेकली, की न जळलेले वायू आणि काजळी धूर होऊन बाहेर पडतात. सरपण ओले असेल तर आधी पाणी उकळण्यातच उष्णता खर्च होते. या साऱ्याचा हिशेब एकत्र मांडायचा म्हणजे चांगलीच कसोटी.

आमची तक्रार पुस्तकाच्या रचनेबद्दल आहे. चूल, विटांची उभी भट्टी आणि गॅस टर्बाइनचा ज्वलनकक्ष एकाच प्रकरणात शेजारी बसवण्याचे धाडस दाते यांनी केले, पण ते प्रकरण अगदी शेवटी. तिथे पोचायला उष्मागतिकी, अभिक्रियांचे वेग, वस्तुमान संक्रमण असे सगळे घाट चढावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते ठीक. शाळेतला शिक्षक पहिल्याच घाटात परत फिरेल. 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस खेडोपाडी नेला, तरी चूल विझलेली नाही. मग धुराचे शास्त्र इंग्रजीत आणि कलनाच्या आड का राहावे? निदान चुलीपुरता भाग कुणीतरी सोप्या मराठीत उतरवायला हवा.

तोवर उदाहरणे रस्त्यावर पडलेलीच आहेत. सोलापुरात सात रस्त्याला पाच मिनिटे उभे राहिले तरी चहाच्या गाड्यावरची निळी ज्योत आणि जुन्या ट्रकचा काळा धूर एकाच वेळी दिसतो. शेगडीत गॅस पेटण्याआधीच बर्नरच्या नळीत हवेत मिसळतो. डिझेलचे थेंब मात्र इंजिनातल्या तापलेल्या हवेत फवारले जातात आणि मिसळणे व जळणे जवळजवळ बरोबरच चालते. जिथे हवा अपुरी पडते तिथे काजळी धरते. वर्गात मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत आणि स्पिरिटच्या दिव्यावर स्टीलची ताटली क्षणभर चिमट्याने धरावी. एकीवर काजळी धरेल, दुसरीवर जवळजवळ नाही. आता स्पिरिटच्या दिव्यातही हवा आधी मिसळलेली नसते. मग काजळी का नाही, हे मुलांनाच विचारावे.