केबल तोडल्यावर उरलेली मालिका

फेब्रुवारी २०२३च्या तिसऱ्या आठवड्यात आईची आठ वाजताची मालिका आमच्या टीव्हीवरून एकाएकी नाहीशी झाली. वाहिनीच्या जागी नुसती एक सूचना होती. १ फेब्रुवारीपासून वाहिन्यांचे नवे दर लागू झाले होते. बऱ्याच केबल कंपन्यांनी नव्या करारांवर सह्या केल्या नव्हत्या, म्हणून मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांनी त्यांना सिग्नल देणे थांबवले होते. काही दिवसांत तडजोड झाली आणि वाहिन्या परतल्या. आमच्या घरी मात्र त्या परतल्या नाहीत, कारण मधल्या काळात मी केबल तोडून टाकली होती.

बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी तीस वर्षे हिशेब लिहितो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटले. पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, हाताला लागेल तसे. मराठी मालिकांच्या नोंदी ठेवण्याचा नाद मला १९९९पासून आहे. त्या साली अल्फा मराठी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ लागली. नोंदींच्या वह्या आता अठरा झाल्या आहेत. त्यांच्या आधारे मी मालिकांवर अधूनमधून लिहीतही आलो, आणि ते लेखन बहुतेक चेष्टेचे होते. कथानक ताणलेले, सासवा दुष्ट, सुना सोशिक, स्वयंपाकघरात भरजरी साड्या, ही आपल्याकडच्या मालिका-समीक्षेची ठरलेली कलमे मीही गिरवली. केबल तोडल्यावर या वह्या पुन्हा चाळल्या, तेव्हा एक गोष्ट खटकली. अठरा वह्यांत केबलच्या बिलाचा उल्लेख एकदाही नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने ही मालिका पाहायला कोण, कोणाला, किती पैसे देतो हे कधी टिपले नव्हते.

ते आता टिपतो. पूर्वी केबलवाला महिन्याला ठोक रक्कम न्यायचा आणि दिसेल ते सगळे दिसायचे. २०१९च्या फेब्रुवारीपासून ‘ट्राय’ची नवी दरपद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे याच्या वर. गुच्छात घालायच्या वाहिनीची कमाल किंमत तेव्हा १९ रुपये होती. मध्यंतरी ती १२ ठरली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा १९ झाली. ग्राहकाने हवे तेवढेच घ्यावे हा हेतू कागदावर चांगला होता. प्रत्यक्षात वाहिन्या सुट्या घेणे महाग आणि गुच्छ स्वस्त, अशी मांडणी राहिली. आईला हवी होती एक मराठी वाहिनी. तिच्यासोबत आम्ही कोणीही कधी न पाहिलेल्या डझनभर वाहिन्या घरात येत होत्या. शिवाय जाहिराती होत्याच. तासाला बारा मिनिटांची मर्यादा नियमात आहे, म्हणजे अर्ध्या तासाचा भाग बावीस-चोवीस मिनिटांचा. पैसे देऊन पाहणारा आपला वेळही देतो, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

हा व्यवहार मालिकेच्या रूपात कसा उतरला, हा खरे तर समीक्षेचा विषय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले. त्या काळी टीव्हीला वार्षिक परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ त्या दिवसांतली. आठवड्यातून एकदा भेटायचे आणि गोष्ट त्याच भागात संपवायची. पुढे दूरदर्शनवर मालिका तेरा, सव्वीस, बावन्न अशा भागांत मंजूर होऊ लागल्या. तेरा हा आकडा कोणा लेखकाने ठरवलेला नाही. एका तिमाहीत आठवडे तेरा असतात, इतकाच त्याचा अर्थ. पण त्या सरकारी तिमाहीमुळे लेखकाला शेवट ठाऊक असे, आणि शेवट ठाऊक असला की मधल्या प्रसंगांना वजन येते.

‘दामिनी’ने सह्याद्रीवर मराठीत दैनंदिन मालिका रुजवली. खाजगी वाहिन्या आल्यावर शेवट हीच तोट्याची बाब ठरली. ई-टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. नावात चार दिवस आणि चालली बारा वर्षे, हा विनोद तेव्हा मीही केला होता. आज वाटते, तो विनोद चुकीच्या जागी केला. लेखकाला आटोपते घेता येत नव्हते असे नाही. मालिका संपली तर ठरलेल्या वेळी ठरलेली वाहिनी लावण्याची सवय मोडते. सवय मोडली की जाहिरातीचा दर घसरतो, आणि पुढे वाहिनीसाठी पैसे मोजण्याची गरजही उरत नाही. आपण ज्याला लांबण म्हणून हिणवले ते वर्गणीचे नूतनीकरण होते.

आता केबल तोडल्यानंतरची गोष्ट. गच्चीवर जुना अँटेना गंजत उभा होता, पण तो कामाचा नव्हता. दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२१च्या अखेरपर्यंत बंद केली. मग डीडी फ्री डिशची छत्री बसवली. ही सेवा डिसेंबर २००४पासून आहे. एकदा छत्री आणि बॉक्सचे दीड-दोन हजार मोजायचे, नंतर महिन्याचे काही नाही. फिक्की आणि ईवाय यांच्या वार्षिक अहवालांत अशा फुकट टीव्हीच्या घरांचा आकडा साडेचार कोटींच्या आसपास दिलेला आढळतो. क्रिकेटचेही बरे झाले. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावेच लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर दिसते. म्हणजे या सामन्यांपुरता तरी छत्रीवाला केबलवाल्या शेजाऱ्याच्या पुढे!

मालिकेचे मात्र तसे नव्हते. आईने रिमोट घेऊन खाली-वर सगळे पाहिले. सह्याद्री होती, जुन्या मराठी चित्रपटांच्या वाहिन्या होत्या. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांतले काही नव्हते. उरलेल्या पडद्यावर हिंदी, आणि बरीचशी भोजपुरी.

याचे कारण पुन्हा हिशेबातच आहे. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा दरवर्षी लिलावाने जातात. वाहिनीने प्रसार भारतीला पैसे भरायचे आणि ते जाहिरातींतून काढायचे. हिंदी वाहिनीला एका जागेच्या मोबदल्यात अर्धा देश मिळतो. मराठी वाहिनीला तीच छत्री महाराष्ट्रापुरती उपयोगाची. प्रादेशिक भाषांसाठी वेगळे गट आणि कमी बोली ठेवूनही हे गणित फारसे बदलत नाही. ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ अशा वाहिन्यांनी हा मार्ग धरला, हे त्यांचे धाडस म्हणायचे. मोठ्या वाहिन्यांना तो परवडत नाही, कारण आज पैसे देणारा प्रेक्षकच फुकटाकडे वळेल. २०१९ला मोठ्या समूहांनी आपल्या जुन्या मालिकांच्या हिंदी वाहिन्याही फ्री डिशवरून काढल्या होत्या, २०२०ला परत आणल्या आणि २०२२ला पुन्हा काढल्या. दर वेळी विचार हाच होता.

मराठीच्या भवितव्याची चर्चा आपण शाळांवर करतो, पाट्यांवर करतो, अभिजात दर्जावर करतो. पण ज्या घरात महिन्याला तीनशे रुपये वाचवण्यासाठी केबल तुटते, त्या घरात संध्याकाळची भाषा बदलते. ही बाब मला कुठल्या परिसंवादात ऐकायला मिळालेली नाही. नव्या मराठी कथा विकतच्या झाल्या आणि फुकटात राहिली जुनी मराठी. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्या वाट्याला स्वतःच्या भाषेचा भूतकाळ आणि दुसऱ्या भाषेचा वर्तमानकाळ. बार्शीतल्या माझ्या ओळखीच्या हमालांच्या घरांत हेच दिसते. त्यांची पोरे उत्तम हिंदी बोलतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा बदल ‘प्रेक्षकांच्या बदलत्या अभिरुची’च्या खाती टाकण्याबद्दल. ही नोंदच चुकीच्या खात्यावर पडली आहे.

राहिला मोबाइल. पुतण्याने आजीला यूट्यूबवर मालिकेचे प्रोमो आणि दोन-तीन मिनिटांचे तुकडे दाखवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मला आसुरी आनंद झाला. बावीस मिनिटांचा भाग दोन मिनिटांत मावतो आणि काही निसटत नाही, याहून मोठा पुरावा समीक्षकाला कोणता हवा? मी आईला तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, “अरे, काय झालं ते कळतं. पण बघितल्यासारखं होत नाही.”

या वाक्याने मला माझ्या वह्या वेगळ्या नजरेने वाचायला लावल्या. लहानपणी आमच्या गल्लीत चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ लागे. पुढे काय होणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक असे. वाती वळत, शेंगा फोडत, मधेच उठून दूध बघून येत ऐकणे चाले, आणि उठून गेलेलीचे काही बुडत नसे. मालिकेतला तोच संवाद तीनदा, तोच चेहरा तीन बाजूंनी, सुरुवातीला कालच्या भागाची उजळणी, या सगळ्याला मी कारागिरीचा अभाव समजत होतो. पण हे रूप समोर बसून एकटक पाहणाऱ्यासाठी घडलेलेच नाही. ते हातात काम असलेल्या, अर्धे कान देऊन ऐकणाऱ्या बाईसाठी घडले आहे. वाहिनीने त्याचा फायदा उठवला हे खरे. पण गरज वाहिनीने निर्माण केलेली नव्हती, ती आधीपासून होती. मोबाइलचा तुकडा गोष्ट देतो. ही अर्ध्या कानाची बैठक तो देऊ शकत नाही, कारण तो हातात धरावा लागतो आणि हात तर कामात असतात.

म्हणून मी माझी जुनी मते सगळी मागे घेतो असे नाही. सोशिक सून आजही सोशिकच आहे आणि भरजरी साडी आजही भाकरी थापतेच आहे. पण लांबण हा एकच दोष समजून मी वीस वर्षे जे लिहिले, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होती. एक लांबी बाजाराची, ती शेवट पुढे ढकलते. दुसरी लांबी ऐकणाऱ्याच्या सोयीची, ती एका भागाच्या आत असते. पहिलीवर टीका करताना मी दुसरीही झोडपली. ‘चार दिवस सासूचे’वरच्या माझ्या नोंदी आता पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. प्रत्येक प्रसंगासमोर दोन रकाने आखले आहेत. बऱ्याच प्रसंगांबाबत कोणत्या रकान्यात खूण करावी ते ठरत नाही.

आईने स्वतःपुरता मार्ग काढला. रोज पावणेआठला ती समोरच्या मावशींकडे जाते. त्यांची केबल चालू आहे. जाताना निवडायची भाजी बरोबर नेते. ऐंशीच्या दशकात साऱ्या आळीत मिळून एक टीव्ही होता, तेव्हाही ती अशीच जायची. साडेआठला परत आल्यावर ती मला त्या दिवसाचा भाग सांगते. सांगताना तिची सून मालिकेतल्या सुनेपेक्षा बरीच जास्त बोलते, हे माझ्या लक्षात आले आहे. एकोणिसावी वही त्यासाठीच ठेवली आहे.

परवा मावशी फाटकाशी भेटल्या. त्यांचा मुलगा पुण्याहून पैसे भरतो. तो म्हणतो, आई, एवढे पैसे कशाला, तुला फोनवर सगळे लावून देतो. त्यांचे पॅक या तीस तारखेला संपते आहे.