दोन विजोड बंधू
जळगाव-धुळ्याकडील वाचकांस बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ नवे नाहीत. एन्झो बार्बोनी यांच्या ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ (१९७०) या इटालियन चित्रपटातील बंधूंची तऱ्हा मात्र निराळी. थोरला बॅम्बिनो (बड स्पेन्सर) घोडेचोर, पण शेरीफचा बिल्ला लावून बसलेला. धाकटा ट्रिनिटी (टेरेन्स हिल) आळसाचा पुतळा. थोरल्याचा घोडे पळविण्याचा बेत धाकट्याच्या लहरीपायी फसतो, आणि त्याच ओघात निःशस्त्र मॉर्मनपंथी मेजर हॅरिमनच्या जाचातून सुटतात. अखेरच्या झुंजीत पिस्तुलांऐवजी ठोसे चालतात. सूडाची जागा हसू घेते. येथवर आम्ही संतुष्ट आहों. परंतु ज्यांच्यासाठी ही झुंज, ते भाविक बहुधा थट्टेचेच विषय राहतात, हे वैगुण्य होय. दुर्बळांचा कैवार घेणाऱ्या विनोदाने दुर्बळांसच हसावे काय?