स्थपतीचें चित्र व पायरीवरील नांव

ऐतिहासिक पुरुषाचें समकालीन चित्र हें दप्तरांतील अस्सल पत्राच्याच तोलाचें साधन होय. परंतु तें कोणी, कोणाचें व कोणत्या प्रसंगीं काढिलें हें पाहिल्यावांचून त्याची साक्ष घेणें युक्त नव्हे. लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहांत स्थपति सर क्रिस्टोफर रेन याचें सर गॉडफ्रे नेलर यानें इ. स. १७११ मध्यें काढिलेलें तैलचित्र आहे. सेंट पॉलच्या देवालयाचें काम १६७५ त सुरू होऊन १७११ त तें पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. अर्थात् हें चित्र कार्यसिद्धीच्या वर्षाचें. रेन १६३२ चा, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेला. त्याच्या हातीं कर्कटक आहे, जवळ देवालयाचा आराखडा आहे, मस्तकावर दरबारी थाटाचा केसांचा टोप आहे.

हात उत्तम साधला आहे यांत संशय नाहीं. तथापि छत्तीस वर्षांचा चुना, दगड व पाथरवट यांचा येथें मागमूसहि नाहीं. चित्र रेनचा मान सांगतें, श्रम सांगत नाहीं. त्याच्या समाधिलेखांत मात्र, स्मारक पाहावयाचें असेल तर सभोंवार पाहा, अशा अर्थाचें वाक्य आहे. आमच्या मतें ही साक्ष चित्राहून बळकट होय.

आपल्याकडे काय दिसतें? जेम्स वेल्स यानें १७९० नंतरच्या वर्षांत पुण्यास नाना फडणविसांचें चित्र काढिलें. मेणवलीचा वाडा व घाट बांधविणाऱ्या नानांचें मुख आपणांस त्यामुळें परिचित आहे. बांधविणारा दिसला, बांधणारा दिसत नाहीं. रायगडावर तर चित्रावांचूनच काम भागलें आहे. जगदीश्वराच्या देवळांतील शके १५९६ चा संस्कृत लेख हिरोजीचें नांव सांगतो, आणि तेथील एका पायरीवर सेवेस तत्पर अशा हिरोजी इंदुलकराचें नांव कोरलेलें आहे. रेनचा लेख थडग्यावर, हिरोजीचा पायाखालीं. पण दोहोंचा आधार एकच, तो म्हणजे समोर उभी असलेली वास्तु.

म्हणून चित्र नाहीं एवढ्यासाठीं हिरोजीचा कल्पित चेहरा रंगवून त्यास इतिहास म्हणणें सर्वथा अनुचित होय. खोट्या पत्रानें जशी वंशावळ बिघडते, तशी खोट्या चित्रानें दृष्टि बिघडते; आणि एकदां भिंतीवर चढलेलें चित्र उतरविणें फार अवघड असतें.

शिंदखेडें तालुक्यांत मेथी येथें जुनीं देवळें आहेत. तीं पाहणाऱ्यानें कारागिराचें मुख शोधूं नये. शिळालेखाचे ठसे घ्यावे, घडीव दगडांवरील खुणा टिपून ठेवाव्या. खानदेशांतील जुन्या घरांत वाडा, घाट किंवा विहीर यांच्या खर्चाच्या यादी असल्यास संग्राहकांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. गवंडी, सुतार व पाथरवट यांची मजुरी ज्या कागदावर लिहिली असेल, तोच त्या अनामिक स्थपतींचा आपल्या हातीं येण्याजोगा खरा आलेख होय. नेलरच्या चित्राचें मोल यानें उणें होत नाहीं. तें कोठवर मानावें एवढेंच ठरतें.