राणीचा जाहीरनामा: एक वाचन

मंडळी, व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे ६३ वर्षांची. एका तासात ती उरकणार नाही. म्हणून आज मी तिच्या नावाने निघालेला एकच कागद घेतो: १ नोव्हेंबर १८५८ चा जाहीरनामा. आपल्याकडे तो पिढ्यानपिढ्या राणीच्या दयाळूपणाचा पुरावा म्हणून वाचला गेला. हा पुरावा कितपत टिकतो ते तपासू.

आधी श्रेय देऊ. पहिला मसुदा राणीला रुचला नाही. सत्तावनच्या रक्तपातानंतर आपण या प्रजेशी प्रथमच थेट बोलतो आहोत, तेव्हा भाषेत औदार्य आणि धर्मसहिष्णुता हवी, असं तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांना कळवलं. मजकूर बदलला. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, संस्थानिकांशी झालेले करार पाळू, सरकारी नोकरीत वंश किंवा धर्म आड येणार नाही, ही वचनं त्यात आहेत.

पण तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने वचनाआधी वचनाची अट बघावी. नोकरीच्या वचनाला ‘शक्य असेल तिथवर’ अशा अर्थाची शेपटी जोडलेली आहे. शक्य आहे की नाही, हे ठरवणार कोण? वचन देणाराच! सनदी नोकरीची परीक्षा लंडनला. त्यात १८७६ मध्ये वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणायचं ठरलं. वचन कागदावर शाबूत राहिलं आणि आतून पोकळ झालं.

पुढे १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं. तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात, दक्षिण हिंदुस्थान धरून, पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, खादी नेसून त्या दरबारात गेले आणि ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मागून आले. धैर्य मोठंच. पण या मागणीचा पाया काय? राणी न्यायी आहे, खालचे अधिकारी तिचा शब्द पाळत नाहीत.

हा पाया नाकारला तो आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारा हा माणूस. १८७९ मध्ये रामोशी साथीदार घेऊन त्यांनी बंड केलं, आणि मे महिन्यात स्वतःचा जाहीरनामा काढला. त्याचा रोख होता सरकारच्या आर्थिक धोरणावर. जुलैत ते पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या बंदिवासात वारले. दरोडे घालून राज्य उलथत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी जबाबदारीचा प्रश्न त्यांनी योग्य दारात नेऊन ठेवला, तो म्हणजे राज्यव्यवस्थेच्या.

कुणी म्हणेल, रखमाबाईंना तर राणीनेच सोडवलं ना? हुकूम काढून तिने लग्न रद्द केलं, असं आजही सर्रास सांगतात. खरं म्हणजे १८८८ मध्ये तडजोड झाली. नवऱ्याने २००० रुपये घेऊन दावा सोडला. चार वर्षं कोर्टात झुंजल्या रखमाबाई, तुरुंगात जायची तयारी दाखवली रखमाबाईंनी, आणि श्रेय राणीच्या खात्यात! म्हणजे बघा, सुटका झाली ती राणीमुळे, दुष्काळ पडला तो पावसामुळे.

या कागदाचा खरा वारसा मला इथे दिसतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव आपण १९९६ मध्ये बदललं. पण ‘वरचा माणूस चांगला, खालचे वाईट’ ही समजूत आपण बदलली का? सत्ताधारी कुणीही असो, चांगल्याचं श्रेय घेणाऱ्याकडेच वाइटाचाही हिशेब मागायला हवा. तो मागत नाही तोवर आपण नागरिक झालेलो नाही, प्रजाच आहोत.

आता प्रश्न घेऊ.