नाच शिकवावा लागतो तेव्हा

वडशात उभं राहून नाचावर बोलायचं म्हणजे काशीत जाऊन गंगेचं वर्णन करण्यासारखं आहे. इथल्या बाजारात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळी झाली, धान निघालं, की झाडीपट्टीतल्या कुठल्या गावात शंकरपट आणि त्या रात्री कोणतं नाटक, याचे सौदे इथेच होतात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ठेक्यावर पाय टाकणं आम्हाला कधी जमलं नाही. तरीही हा विषय घेतला, कारण एकदा आम्ही स्वतः नाच शिकवायला उभे राहिलो आणि सपशेल फसलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा महिने मुलीकडे अमेरिकेत होतो. तिथे रविवारी मराठी शाळा भरायची, भाड्याच्या हॉलमध्ये. गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांचं लेझीम बसवणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही झाडीपट्टीतले ना? मग मुलांना दंडार शिकवा की!" आम्ही हो म्हणून बसलो. म्हातारपणी माणूस कौतुकाला भुलतो.

पहिल्याच रविवारी लक्षात आलं की दंडार आम्हाला कुणी शिकवलेलीच नव्हती. भाऊबीजेनंतर मंडई भरायची, चौकात दंडार उभी राहायची आणि आम्ही पोरं कडेला बसून पेंगत पेंगत ती बघायचो. जी पोरं पेंगली नाहीत ती नाचणारी झाली. आम्ही पेंगलो, म्हणून प्राध्यापक झालो. (हशा) तर जे कधी कुणी शिकवलं नाही ते शिकवायचं कसं? आम्ही आकडे मोजायला लागलो. एक, दोन, तीन, वळा. अर्ध्या तासाने एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आजोबा, हे आपण कधी करतो?" आम्ही सांगितलं, धान घरात आलं की, मंडईला. ती म्हणाली, "आणि इथे मंडई कधी असते?"

नाच शिकवणाऱ्याला मुलं सहसा 'कसं' विचारतात. एखादं चौकस पोर 'का' विचारतं. या पोरीने 'कधी' विचारलं आणि आमचं पितळ उघडं पडलं. आमच्या मते परक्या मुलुखात नाच शिकवण्याचा सगळा पेच त्या एका शब्दात आहे. पण या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात हा शब्दच सापडत नाही. तिथे दोन घोषणा असतात. एक, नृत्य ही विश्वभाषा आहे. दोन, आपण मुलांमध्ये संस्कृती जपतो आहोत. दोन्हींची जरा झाडाझडती घेऊ.

विश्वभाषा म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता मंडईतली दंडार पाहावी आणि मग सभागृहातलं सात मिनिटांचं 'लोकनृत्य' पाहावं. हातपाय तेच, अर्थ तो नव्हे. शरीर सगळीकडे सारखं असतं हे कबूल, म्हणून नक्कल कुठेही करता येते. नक्कल आली म्हणजे भाषा आली असं नाही. पोपटाला मराठी येतं असं आपण म्हणत नाही.

दुसरी घोषणा जास्त वजनदार आहे. तिच्या मागे थेट प्लेटो उभा आहे. त्याचा 'लॉज' हा उतारवयातला ग्रंथ. तीन म्हातारे क्रीट बेटावर चालत चालत बोलताहेत. मुख्य बोलणारा अथेन्सचा आहे, म्हणजे तिथे परकाच, आणि त्याला नावही दिलेलं नाही. हा परदेशी गृहस्थ यजमानांना सांगतो की लहान मूल स्थिर राहूच शकत नाही, उड्या मारतं, ओरडतं. त्या उड्यांना लय लावणं हेच पहिलं शिक्षण. ज्याला समूहात नाचता येत नाही तो अशिक्षित. नगरातले सगळेच नाचगाण्यात आले पाहिजेत, आधी मुलं, मग तिशीच्या आतले तरुण, मग तीस ते साठ वयाचे. साठीपुढच्यांनी फक्त गोष्टी सांगायच्या. म्हणजे आमची सोय त्याने तेव्हाच करून ठेवली आहे.

इथपर्यंत आम्ही प्लेटोबरोबर आहोत. पुढे तो इजिप्तचं कौतुक करतो. तिथे म्हणे चांगल्या हालचाली आणि सूर कोणते ते एकदा ठरवून देवळांत लावून टाकलं आणि दहा हजार वर्षं कुणाला त्यात काडीचा बदल करू दिला नाही. इथे आमचं भांडण सुरू होतं. जो नाच बदलत नाही तो माणसांकडे नसून देवळाच्या भिंतीवर आहे. परदेशातली पुष्कळ मंडळं नकळत याच इजिप्तच्या वाटेवर असतात. आई-बापांनी देश सोडला त्या वर्षीचा महाराष्ट्र डब्यात घालून नेलेला असतो आणि मुलांना त्या डब्यातलं वाढलं जातं. इथे तोवर झाडीपट्टीच्या रंगमंचावर हार्मोनियमशेजारी कीबोर्ड येऊन बसलेला असतो.

आपल्याकडे याहून मोलाचं एक उदाहरण आहे आणि ते सगळ्यांना पाठ असूनही त्याकडे या अंगाने कुणी बघत नाही. बृहन्नडा. अज्ञातवासात अर्जुन मत्स्य देशात विराटाच्या घरी राहतो आणि काम काय पत्करतो, तर राजकन्या उत्तरा आणि तिच्या सख्यांना गाणं-नाचणं शिकवण्याचं. परका मुलूख, नाव बदललेलं, वेश बदललेला, स्वतःचा मुलगा अभिमन्यू दूर द्वारकेत. आणि शिकवतो काय? कुरूंचा नाच नव्हे. तो शिकवतो ते इंद्राच्या घरी चित्रसेन गंधर्वाकडून शिकलेलं, म्हणजे त्यानेही ते परदेशातच शिकून घेतलेलं होतं. मत्स्य देशात 'आमची संस्कृती जपा' असा फलक त्याने लावला नाही. लावला असता तर पकडलाच गेला असता.

व्यासांनी त्या वर्गाचं वर्णन फारसं केलेलं नाही, पण एका जागी सगळं कळतं. उत्तरासोबत बृहन्नडा रथ हाकायला निघते तेव्हा त्या मुली तिला काय सांगतात? कौरवांची भारी रंगीत वस्त्रं आण, आमच्या बाहुल्यांना हवीत. युद्धावर निघालेल्या मास्तरणीकडे पोरी हक्काने बाहुलीचे कपडे मागतात! आणि ती आणते. पुढे ओळख उघड झाल्यावर विराट उत्तरा अर्जुनाला देऊ करतो, तेव्हा तो म्हणतो की वर्षभर ती माझ्यावर पित्यासारखा, आचार्यासारखा विश्वास टाकत आली, मी तिला सून म्हणून घेईन. परक्या घरातली शिष्या अशी अभिमन्यूची बायको झाली. नाच किती आला हे आपल्याला कळत नाही. नातं काय जुळलं ते कळतं. आम्हाला वाटतं, परक्या मुलुखातल्या नृत्यशिक्षकाची परीक्षा इथे घ्यावी. मुलं त्याच्याकडे बाहुलीचे कपडे मागतात का?

आता नातं आहे, पण प्रसंग नाही, तेव्हा काय? आमच्या त्या पोरीचा प्रश्न. मॉरिशसचं बघा. १८३४ नंतर मजूर म्हणून तिथे गेलेल्यांत आपली मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. आज त्यांच्या घरांत क्रिओल बोलली जाते. पण कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. भाषा पातळ झाली तरी नाच का टिकला? आमचा तर्क असा की त्यांनी नाचासोबत त्याची तिथीही नेली. गणपती येतो, त्याच्यापुढे फेर धरायचा असतो, आणि तो फेर धरायला मोठी माणसं आधीच उभी असतात. मूल 'कधी' विचारत नाही, कारण दिवस उजाडलेला असतो.

आणि मॉरिशस तरी कशाला? इथून गोंदियाच्या गाडीत बसा, अर्जुनीला उतरा. इटियाडोह धरणाजवळ, गोठणगावाशी, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. ज्या गाढवी नदीचं पाणी आपल्या धानाला मिळतं तिच्याच काठाला ही हिमालयापलीकडची माणसं राहतात. हिवाळ्यात त्यांच्यातले बरेच जण शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. नागपुरात तुम्ही त्यांच्याकडून घेतलेही असतील. त्यांच्या मुलांना नाच शिकवणं हा हौसेचा मामला नाही. दलाई लामा १९५९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी कालिम्पोंगला तिबेटी नृत्य-नाट्याची संस्था निघाली, जी पुढे धरमशालेला गेली. डोक्यावर छप्पर धड नाही, आणि आधी नाचाची शाळा! आमच्यासारख्या माणसाला हे प्रथम अव्यवहारी वाटलं होतं. नंतर उमगलं. न्यू जर्सीतल्या पोराचा लेझीमचा पवित्रा चुकला तर सांगली-कोल्हापूरला जाऊन बघता येतो. तिबेटी पोराला बघायला जायची वाटच बंद आहे. त्याच्या पायात जे आहे तीच मूळ प्रत. म्हणून मघाशी इजिप्तवर केलेली टीका आम्ही त्यांच्यावर करणार नाही. जिथे घर जाग्यावर आहे तिथे नाच गोठवणं हा आळस. जिथे घर हिरावलं आहे तिथे एक पाऊलही न बदलण्याचा हट्ट समजू शकतो. त्या हट्टाचा भार दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर पडतो, हेही खरं. त्याला कदाचित नुसतं नाचायचं असेल.

आता जे बोलायला खरं म्हणजे आम्ही इथे आलो ते बोलतो. समोर शिक्षक मंडळी बरीच दिसताहेत. परका मुलूख गाठायला विमान लागत नाही. गडचिरोलीच्या पुढे एटापल्ली, भामरागडकडे जा. तिथल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही पाहुणे होतो. मुलं माडिया गोंड, नाच बसवणारे गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातले. 'आदिवासी नृत्य' जाहीर झालं. पोरांच्या कमरेला पाला, तोंडाला पांढरे पट्टे, हातात पुठ्ठ्याचे भाले, स्पीकरवर सिनेमाचं गाणं. ज्या मुलांच्या गावात गोटुल आहे, ज्यांना रेला कुणी न शिकवता येतो, त्यांना सिनेमातला आदिवासी व्हायला शिकवलं होतं. पोरं नाचली, कारण गुरुजींनी सांगितलं होतं. मागे त्यांच्या आया बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. दुसऱ्याच कुणाची मुलं बघावीत तशा बघत होत्या.

गुरुजी वाईट नव्हते. घरापासून दूर, भाषा येत नाही, महिन्यात कार्यक्रम उभा करायचा. आम्ही अमेरिकेत जसे एक-दोन-तीन मोजत होतो तसेच तेही मोजत होते. फरक एवढाच की आमच्या चुकीला आमची मुलगी हसली. इथे मुलांच्याच अंगणात येऊन त्यांचा नाच त्यांना चुकीचा शिकवला गेला, आणि शाळेने शिकवलं म्हणजे तेच बरोबर असं त्यातल्या दोघा-चौघांना तरी वाटलं असणार. मूल घरी जाऊन आजीच्या रेल्याला नाक मुरडायला लागलं तर तो दोष कुणाचा?

नंतर आम्ही त्या गुरुजींना विचारलं, मुलांना म्हणाला असतात की तुमचा नाच मला शिकवा, तर? ते म्हणाले, "सर, मग मी फेरात धडपडलो असतो, पोरं हसली असती." आम्ही म्हटलं, हसू द्या की. ते गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, मार्चात पंडुम असतो, एका विद्यार्थ्याच्या बापाने बोलावलंय, जायचं की नाही ते ठरलं नाही.

ते गेले की नाही आम्हाला ठाऊक नाही. त्या अमेरिकेतल्या पोरीचा मात्र गेल्या वर्षी फोन आला होता. आता ती बारा वर्षांची आहे. तिकडे शरदात सगळे बागेत सफरचंदं तोडायला जातात. तिने विचारलं, "आजोबा, टोपल्या भरून झाल्यावर दंडार केली तर चालेल?" आम्ही म्हटलं, चालेल, पण पावलं आम्हाला विचारू नकोस, आम्ही पेंगलो होतो.

बरं, प्रश्न घेऊ. ज्यांना संध्याकाळची गाडी आहे त्यांनी खुशाल उठावं, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.